कृष्णेत कॉलेजच्या बोटी कधी उतरणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी भाची गेल्या वर्षी मास्टर्स करायला केंब्रिजला गेली आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या कॉलेजच्या बोटीत बसली. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा घरात कुणालाच खरं वाटेना, कारण ही पोरगी इथं सांगलीत अकरावी ते बीएस्सी पाच वर्षं कॉलेजला होती आणि कुणी तिला एकदासुद्धा ग्राउंडवर उतरवलं नव्हतं. एकदा ती आपणहून गेलेली विचारायला, तर सर म्हणाले जिल्ह्याला खेळलीयस का, नाही ना, मग राहू दे, अभ्यास कर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चालतं. टीममध्ये बारा पोरं, सर्टिफिकेट आणि ग्रेस मार्क त्यांना, बाकीच्या हजारभर पोरांचा आणि खेळाचा संबंध नाही.

आम्ही सांगलवाडीचे. नदी घरापासून दहा मिनिटांवर. पावसाळ्यात कृष्णा भरली की होड्यांच्या शर्यती असतात, आयर्विन पुलाच्या कठड्याला माणसं चिकटलेली, घाटावर पाय ठेवायला जागा नाही, डिग्रज, कवठेपिरान, सांगलवाडी अशी गावागावांची ईर्ष्या, हे मी लहानपणापासून बघतोय आणि तरुणपणी दोन वर्षं वल्हं पण मारलंय. भाचीनं मात्र कृष्णेत कधी होडीत पाय टाकला नाही, तिनं पहिलं वल्हं हातात धरलं ते सात समुद्रापलीकडच्या कॅम नदीत. ह्याचं मला वाईट वाटलं आणि म्हणून हे पत्र लिहितोय.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. १८२९ साली पहिली झाली, चार्ल्स वर्ड्सवर्थ आणि चार्ल्स मेरिव्हेल हे हॅरो शाळेतले दोस्त, एक ऑक्सफर्डला गेला एक केंब्रिजला आणि दोघांनी मिळून ती जमवली. आता लंडनमध्ये थेम्सवर पटनी ते मॉर्टलेक ६.८ किलोमीटर असते, भरतीचं पाणी आत येत असताना त्याच्याबरोबर वल्हवतात. १९१२ ला दोन्ही बोटी बुडाल्या म्हणून शर्यत परत घेतली होती. बायकांची रेस १९२७ पासून होती पण पुरुषांच्या बरोबरीनं त्याच दिवशी त्याच पाण्यात यायला २०१५ उजाडलं. ही झाली टीव्हीवरची गोष्ट. त्या बोटीत नऊ जण बसतात, आठ वल्हवणारे आणि एक मागं सुकाणू धरणारा, त्याला कॉक्स म्हणतात. ह्या नऊ जणांत भाचीचा नंबर सात जन्मात लागला नसता.

पण तिनं जे सांगितलं ते ह्याच्या खालच्या थराचं आहे आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. केंब्रिज हे १२०९ पासूनचं विद्यापीठ, त्यात ३१ कॉलेजं, पोरं राहतात जेवतात कॉलेजात आणि खेळतात पण कॉलेजकडून. प्रत्येक कॉलेज एकच बोट काढत नाही, दुसरी काढतं, तिसरी काढतं, माणसं जमली तर चौथी पण. कधीच वल्हं न धरलेल्यांना ऑक्टोबरपासून शिकवायला घेतात, आधी पोहता येतं का ते बघतात आणि मग पहाटे अंधारात, बोटं बधिर होतील अशा थंडीत नदीवर. शिकवणारी पण वरच्या वर्गातलीच पोरं, सायकलवरून काठाकाठानं ओरडत जातात. तिच्या तळहाताचे फोड तिनं व्हिडिओ कॉलवर आईला दाखवले तर ताई रडायलाच लागली.

आणि शर्यतीची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. कॅम नदी अरुंद, दोन बोटी शेजारी शेजारी पळवता येत नाहीत, म्हणून सगळ्या एकामागं एक लावतात, मध्ये दीड बोटीचं अंतर, एक बोट साधारण ६० फूट लांब. तोफ वाजली की सगळ्या एकदम सुटतात, आपण पुढच्या बोटीला जाऊन टेकायचं आणि मागचीला आपल्याला टेकू द्यायचं नाही. काठावरून कोच शिट्टी मारतो, एक शिट्टी म्हणजे अंतर एका बोटीवर आलं, दोन म्हणजे अर्ध्या बोटीवर, तीन म्हणजे आता पाव बोटच राहिली. टेकलं की त्याला बम्प म्हणतात, दोघी बाजूला होतात आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून उभ्या राहतात. असं चार दिवस. जिंकलेली पोरं काठावरचा पाला तोडून डोक्यात खोवतात आणि परत येतात. उन्हाळ्यातल्या ह्या शर्यतीचं नाव मे बम्प्स पण होते जूनमध्ये, शंभरावर बोटी उतरतात, म्हणजे जवळजवळ हजार पोरंपोरी एका आठवड्यात नदीवर.

ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की ह्या वर्षी बोट जिथं संपते तिथूनच पुढच्या वर्षी सुरू होते. वारीत दिंडीचा नंबर ठरलेला असतो ना, ती जागा माणसाची नसते दिंडीची असते, तसंच. भाचीच्या चौथ्या बोटीला चारही दिवस मागच्यांनी गाठलं, चार जागा खाली गेली. तिथं त्याला स्पून्स मिळाले म्हणतात. मला फोनवर म्हणाली, मामा, हरल्याचं नाही वाटत एवढं, पण आता आमच्या नंतर येणाऱ्या मुलींना चार जागा खालून सुरू करावं लागणार. ज्या मुली अजून कॉलेजला आल्या पण नाहीत त्यांची काळजी ही करतीय! कॉलेजबद्दल एवढी ओढ पाच वर्षात इथं तिला का लागली नाही, ह्याचा विचार मी अजून करतोय.

तिथं ऑक्सफर्डविरुद्ध खेळला की 'ब्लू' मिळतो, तो मान वेगळा. रणजितसिंहजींना क्रिकेटमध्ये केंब्रिजचा मिळाला, जयपालसिंग मुंडांना हॉकीत ऑक्सफर्डचा, तेच १९२८ च्या ऑलिंपिकला आपल्या हॉकी टीमचे कॅप्टन होते. मोठी माणसं आपल्याकडं पण झाली, विजय हजारे, नंदू नाटेकर सांगलीत जन्मले, संकेत सरगरनं २०२२ ला कॉमनवेल्थमध्ये वेटलिफ्टिंगचं सिल्व्हर आणलं. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही, ज्याला मेडल कधीच मिळणार नाही त्या चौथ्या बोटीतल्या पोरांबद्दल आहे.

म्हणून सांगलीतल्या सगळ्या कॉलेजांना आणि शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला हात जोडून विनंती, पावसाळा सरला की बंधाऱ्यामागं पाणी संथ होतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं कॉलेजा-कॉलेजांची शर्यत सुरू करा. महागड्या बोटी नकोत, गावांच्या होड्या आहेत आणि शिकवणारी माणसं पण गावातच आहेत, त्यांना मानधन द्या आणि मानानं बोलवा. दत्तू भोकनळ चांदवडसारख्या दुष्काळी भागातला, पाण्याला घाबरायचा, सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला पोचला, आमची पोरं तर नदीतच वाढलेली.

धोका आहे हे मला कळतं. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून जीव गेले ते आम्ही कुणीच विसरलेलो नाही. पोहता येत नाही त्याला बसवायचं नाही आणि लाइफ जॅकेटशिवाय होडी सोडायची नाही हा नियम पहिला पाहिजे. दुसरं म्हणजे पाणी. जिंकलेल्या बोटीच्या कॉक्सला उचलून नदीत टाकायची तिथं जुनी पद्धत आहे, २०२४ ला थेम्समध्ये ई-कोलाय हा घाण पाण्यातला जंतू सापडला म्हणून खेळाडूंना पाण्यात उतरू नका सांगावं लागलं. आपल्याकडं शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला कित्येक वर्षं कृष्णेत मिसळतोय, २०२३ ला माशांचा खच पडलेला आपण बघितला. कॉलेजची पोरं रोज पहाटे त्या पाण्यावर असली तर घाण सोडणाऱ्यांना विचारणारं कुणीतरी तरी असेल.

भाची डिसेंबरात येतीय. डिग्रजच्या पोरांशी बोलून ठेवलंय, सकाळी सहाला घाटावर होडी लावणार आहेत. कुठल्याही कॉलेजचे सर किंवा पोरंपोरी येणार असतील तर या, वल्ही जास्तीची आहेत.

आपला,
एक वाचक, सांगलवाडी