खोकल्यामागच्या मज्जातंतूंचाही विचार व्हावा

महोदय,

छातीचा एक्स-रे स्वच्छ असूनही आठ-आठ आठवडे खोकणारे आणि सिरपच्या बाटलीमागून बाटली रिचवणारे रुग्ण आपल्याकडे घरोघरी दिसतात. अशा वेळी कफाइतकाच श्वासनलिकेतील संवेदी मज्जातंतूंचाही विचार व्हायला हवा, असे मला तळमळीने वाटते.

लाल मिरचीची फोडणी करपली की घरभर ठसका लागतो, कारण मिरचीतील कॅप्सायसिन या तंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही-१ या ग्राहीला, म्हणजे जळजळ-उष्णता टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवते. याच ग्राहीच्या शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ठसक्याचा हा संदेश मेंदू आणि छाती-पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातो आणि उबळ येते. विषाणूसंसर्गाने वा दाहाने हे तंतू अतिसंवेदनशील झाले, की थंड हवा, उदबत्तीचा धूर, एवढेच काय, चार वाक्ये सलग बोलणेही पुरते. दम्यात तर व्हेगसच्याच परतीच्या तंतूंतून स्रवणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन श्वासनलिकेचे स्नायू आवळते; अर्थात, दाह आटोक्यात ठेवणारा स्टेरॉइडचा इनहेलर त्यामुळे अनावश्यक ठरत नाही, तो परस्पर बंद करू नये.

रक्तदाबावरील रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांमुळे काहींना येणारा कोरडा खोकलाही ब्रॅडिकायनिनसारखी द्रव्ये साचून हेच तंतू चेतवले गेल्याने येतो, असे मानले जाते. म्हणून सिरप लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाच्या चालू गोळ्यांची चौकशी आवर्जून करावी आणि रुग्णांनीही ती यादी सोबत न्यावी.

— एक वाचक, सातारा