फॉर्मच्या समासातल्या त्या ओळीबद्दल

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, रुग्णाचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय आणि पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ, एवढ्यावरून तुम्हाला कळेल.

रक्ताच्या नमुन्यासोबत मुंबईला आमच्या प्रयोगशाळेत जो फॉर्म येतो, त्यात आजाराच्या इतिहासाची चौकट असते. ती बहुतेक वेळा कोरीच येते. या फॉर्मवर कुणीतरी ‘ॲलर्जी?’ एवढं खरडलं होतं. आणि खाली समासात, तुमच्या अक्षरात: ‘खाज नाही. गांधी नाही. आई पण अशीच सुजायची, घसा सुजून गेली.’

निदान तिथेच झालं होतं: हेरेडिटरी अँजिओएडेमा, म्हणजे वंशात चालणारा सुजेचा आजार. प्रयोगशाळेने फक्त आकडे लावले.

त्याआधी सहा वर्षं त्या बाईंचं काय काय झालं! अंगावर पित्त उठलंय म्हणून आमसुलाचा कोळ चोळून झाला; तो निदान निरुपद्रवी तरी. मग कुणी कोलंबी बंद केली, कुणी बांगडा, कुणी तिसऱ्या (शिंपल्या). समुद्रकाठच्या बाईला डाळभातावर आणून ठेवलं. दर सुजेला ॲलर्जीचं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. पोटात कळ आली तेव्हा एका ठिकाणी अपेंडिक्स काढलं, ते निरोगीच निघालं. या आजारात आतड्याची भिंत सुजते आणि पोट अगदी तसंच दुखतं. इंजेक्शनांनी गुण येतो असं सगळ्यांना वाटलं, कारण ही सूज काही न करताही दोन-तीन दिवसांत उतरते. तिसऱ्या दिवशी ज्याने सुई टोचली, त्याचा हातगुण.

मासळीचा यात काडीचा संबंध नाही. 11व्या गुणसूत्रावर सर्पिंग-1 नावाचं जनुक आहे. त्यावरून यकृतात सी-1 इनहिबिटर हे प्रथिन बनतं. रोगप्रतिकाराची जी कॉम्प्लिमेंट साखळी आहे, तिच्या पहिल्या कडीला ते आवर घालतं. शिवाय कॅलिक्रेन या एन्झाइमलाही. काम मासे धरायच्या गरीसारखं चालतं: प्रथिनाचा एक फास आमिषासारखा बाहेर असतो, एन्झाइम त्याला चावतं आणि अडकतं. पण गरी माशासकट जाते, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी प्रथिन निम्म्यावर थांबत नाही, त्याच्याही बरंच खाली जातं. मग कॅलिक्रेन मोकाट सुटतं, ब्रॅडिकायनिन हे रसायन वाढतं, रक्तवाहिन्या झिरपू लागतात. ॲलर्जीतलं हिस्टामिन यात नाहीच, म्हणून खाज नाही, गांधी नाहीत, आणि ॲलर्जीची औषधं, अगदी ॲड्रिनलिनसुद्धा, कामाला येत नाहीत.

तुमचा नमुनाही तसाच नीट होता. रक्त अर्धा तास गोठू देऊन सीरम वेगळं केलेलं, नळी वर्तमानपत्रात गुंडाळून मग बर्फात, वर वेळ लिहिलेली. नमुना तासन्‌तास गरम टेबलावर राहिला की कॉम्प्लिमेंट साखळीतलं सी-4 हे प्रथिन नळीतच खर्ची पडतं आणि खोटा कमी आकडा येतो. इथे त्याच साखळीतलं सी-3 नॉर्मल, सी-4 अगदी तळाला, सी-1 इनहिबिटरचं प्रमाणही कमी. साधारण 15 टक्के रुग्णांत प्रमाण नॉर्मल दिसतं, प्रथिन मात्र निकामी असतं. म्हणून कार्याची चाचणी मागावीच लागते. ती इथे ताजं रक्त घेऊन केली.

तरी मला राहून राहून ती ओळच आठवते. दंडाला पट्टी बांधता बांधता तुम्ही विचारलंत म्हणे, ‘कोणाची गो तू? आई असते?’ कोकणात समोरच्याचं कूळ-मूळ विचारायची खोड आहे, मुंबईकर तिला हसतात. 1888 साली विल्यम ऑस्लर यांनी हा आजार वंशात चालतो हे दाखवलं, ते एका घराच्या पिढ्यांची विचारपूस करूनच. सहा वर्षांत जाडजूड फाइल झाली, पण आईबद्दल कुणी विचारलं नव्हतं. विचारायला पैसे पडत नाहीत, मशीन लागत नाही. समोरची बाई कुणाची तरी लेक आहे, एवढं आठवावं लागतं.

त्यांच्याकडे आता लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर थांबायचं नाही. ब्रॅडिकायनिनला अडवणारं आयकॅटिबँट 30 मिलिग्रॅम पोटाच्या कातडीखाली, किंवा सी-1 इनहिबिटर किलोला 20 युनिट शिरेतून. दोन्ही नसेल तर एफएफपीच्या, म्हणजे गोठवलेल्या ताज्या प्लाझ्माच्या, दोन पिशव्या. त्या वितळायला अर्धा तास जातो, तेव्हा रक्तपेढीला फोन आधी. क्वचित प्लाझ्माने सूज वाढते, म्हणून भूलतज्ज्ञ जवळ हवा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधं कायमची बंद. दात काढायचा असेल तर आधी कळवायचं. बांगडा खुशाल खायचा.

त्यांच्या दोन्ही मुलांना ही बिघडलेली प्रत येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. त्यांच्या तपासणीचे फॉर्म रुग्णालयाच्या पत्त्यावर पाठवले आहेत. समास यावेळी जरा रुंद ठेवला आहे.