त्या ‘टर्बाइन’चाही इतिहास छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीतील महिला फुटबॉलवरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख आवडीने वाचला. बायर्न म्युनिक आणि वुल्फ्सबर्ग या संघांची माहिती छान आली आहे. पण या दोघांच्या आधी ज्यांनी युरोप जिंकला, त्या बर्लिनशेजारच्या पोट्सडामच्या मुलींचे नाव लेखात कुठेच दिसले नाही. राहवले नाही म्हणून लिहिते आहे.

संघाचे नाव ‘टुर्बिने पोट्सडाम’. टुर्बिने म्हणजे आपले टर्बाइन. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. त्यामुळे बर्लिनला राहणाऱ्या मुलीने हे नाव सांगितले तेव्हा वाटले, आईची थट्टा करतेय! पण ते खरेच होते. पूर्व जर्मनीत प्रत्येक खात्याची क्रीडा संघटना असे आणि नावावरून खाते ओळखू येई. रेल्वेची ‘लोकोमोटिव्ह’, रसायन कारखान्यांची ‘केमी’, तशी वीजवाल्यांची ‘टुर्बिने’. पोट्सडामच्या वीज खात्यातल्या नोटीस बोर्डावर 1971च्या सुरुवातीला एक कागद लागला : महिलांचा फुटबॉल संघ काढायचा आहे, नावे द्या. 3 मार्चला संघ उभा राहिला. प्रशिक्षक झाले बेर्न्ड श्रोडर. तेही वीज खात्यातलेच. मधली चार-पाच वर्षे सोडली तर 2016पर्यंत त्यांनी हा संघ सांभाळला. ड्यूटी सांभाळून संघ चालवणे म्हणजे काय, हे ज्याने शिफ्ट केली आहे त्यालाच कळेल.

पश्चिम जर्मनीत तर 1955 ते 1970 अशी पंधरा वर्षे फुटबॉल महासंघाने क्लबांना महिला फुटबॉलची बंदीच घातली होती. पूर्वेकडे बंदी नव्हती, पण कौतुकही नव्हते. पदके मिळवून देणाऱ्या खेळांवर सरकार पाण्यासारखा पैसा ओतत होते. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये नव्हता, म्हणून तो फावल्या वेळचा खेळ ठरला. तरी या मुलींनी 1981 ते 1989 या काळात सहा वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. देशाचा म्हणून महिला संघ मात्र मैदानात उतरला तो थेट 9 मे 1990 रोजी, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पोट्सडामच्याच बाबेल्सबर्ग भागातल्या कार्ल लीबक्नेख्ट स्टेडियमवर. प्रशिक्षक पुन्हा श्रोडरच. सामना 0-3 असा हरला. ऑक्टोबरात पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही, त्यामुळे पहिला सामना हाच शेवटचा ठरला. हे वाचले तेव्हा माझ्या पोटात कालवले.

एकीकरणानंतर पूर्वेकडचे किती कारखाने आणि किती संघ बुडाले! टुर्बिने तगला. 1994मध्ये तो बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये आला, 1999मध्ये केवळ महिला फुटबॉलचा स्वतंत्र क्लब झाला आणि 2004मध्ये जर्मनीचा विजेता. पुढच्याच वर्षी युरोपचा करंडक. 2009चे अजिंक्यपद तर बायर्नइतकेच गुण असताना, गोलफरकात अवघ्या एका गोलाने मिळवले. 2010मध्ये स्पेनमधील खेताफे येथे चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत लियाँशी झाली. एकही गोल झाला नाही, सामना पेनल्टीवर गेला. गोलरक्षक होती सतरा वर्षांची आना फेलिसिटास सार्होल्झ. तिने दोन पेनल्टी अडवल्या आणि स्वतः पुढे येऊन एक मारलीही. 7-6! बारावीच्या वयाची पोर हो.

2012नंतर मात्र अजिंक्यपद नाही. पुरुषांच्या मोठ्या क्लबांनी महिला संघांत पैसा घातला, तो चांगलाच झाला, खेळाडूंना पगार मिळू लागले. पण 2013पासून 2025पर्यंत जर्मनीचे अजिंक्यपद बायर्न आणि वुल्फ्सबर्ग या दोघांतच फिरले. पोट्सडामच्या पाठीशी तसा कुणी श्रीमंत थोरला भाऊ नव्हता. 2023मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत आला, 2025मध्ये पुन्हा खाली गेला.

2024मध्ये मुलीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम लोकल पकडून बाबेल्सबर्गला जाऊन आले. सामना नव्हता. फ्लडलाइटचे उंच खांब मध्यातून वाकवून खाली घेतलेले होते. जवळच्या राजवाड्यांच्या बागा जागतिक वारशात आहेत, त्यांच्या दृश्यात खांब आडवे येऊ नयेत म्हणून ही सोय. विजेच्या खात्यातली बाई मी, बराच वेळ ते बिजागर बघत उभी राहिले.

1990च्या त्या एकमेव सामन्यातल्या खेळाडू आता पन्नाशी-साठीत असतील. आपल्या प्रतिनिधीला त्यांच्यापैकी एकीशी जरी बोलता आले तर अवश्य बोलावे आणि ती मुलाखत सविस्तर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वीज कर्मचारी, नाशिक