स्पर्धा आणाच, पण पोरांचं वय थांबत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या देशात मोठमोठ्या स्पर्धा भरवायचं सध्या जोरात चाललंय, २०३० ची राष्ट्रकुल अहमदाबादला ठरलीय, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी प्रयत्न सुरू आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. भरवता येतं आपल्याला, २००८ ला पुण्यात बालेवाडीला युवा राष्ट्रकुल झाली तेव्हा आपण ३३ गोल्ड घेऊन पहिले आलो होतो. पण स्पर्धा जेव्हा लहान वयोगटाची असते तेव्हा एक गोष्ट दरवेळी राहून जाते, ती जवळून बघितली म्हणून लिहितोय.

मी मुलींना फुटबॉल शिकवतो. मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे होणार होता, त्याची अट होती की जन्म १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरचा पाहिजे. आमच्या ग्राउंडवर २००३-०४ च्या तीन पोरी होत्या, त्या थेट इंडियाच्या टीममध्ये गेल्या असत्या असं मी म्हणत नाही, पण त्या वर्षी त्यांनी सकाळची प्रॅक्टिस एकदाही बुडवली नाही एवढं मला माहितीय. मग करोना आला, स्पर्धा आधी २०२१ वर ढकलली आणि नंतर रद्दच झाली. फिफाने आपल्याला बदल्यात २०२२ ची स्पर्धा दिली, सगळे म्हणाले चला, देशाचं नुकसान भरून निघालं. देशाचं निघालं हो, पण २०२२ ला अट झाली २००५ ची, आणि आमच्या तिघी आणि देशभरातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्याच मुली जन्मदाखल्यावरच बाद झाल्या. करोनाला कुणी काही करू शकत नव्हतं हे मान्य, पण तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की या स्पर्धेत पोरीला मोजकेच चान्स असतात.

२०२२ ला तर स्पर्धेला दोन महिने राहिले असताना फिफाने आपल्या फेडरेशनवरच बंदी घातली होती, ती अकरा-बारा दिवसांत उठली म्हणून स्पर्धा वाचली. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेशी ८-०, मोरोक्कोशी ३-० आणि ब्राझीलशी ५-० हरल्या. सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. लोक हसले, मला फार वाईट वाटलं, कारण त्या यजमान म्हणून थेट आत गेल्या होत्या आणि समोरच्या टीम पात्रता फेऱ्या खेळून, तावूनसुलाखून आल्या होत्या. कॅप्टन अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली, ती कॅप्टन झाल्यावर तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडील मजुरी करत होते. रस्ता असा सिलेक्शन झाल्यावर आला, आपल्याकडे सगळंच नंतर येतं.

मुलांचं जरा बरं होतं. त्यांचा १७ वर्षांखालचा २०१७ चा वर्ल्डकप आपल्याला २०१३ च्या डिसेंबरमध्येच मिळाला होता, म्हणजे हातात जवळजवळ चार वर्षं होती. अमेरिकेशी ३-० आणि घानाशी ४-० हरलो खरं, पण दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगने हेडरने बरोबरी केली तेव्हा मी टीव्हीसमोर ओरडलो होतो (लगेच त्यांनी दुसरा मारला आणि २-१ हरलो, असो). त्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल आहे, म्हणजे तिथल्या तालमींच्या स्वतःच्या टीम असतात, पोरगं लहानपणापासून मॅच बघत नि खेळत वाढतं, म्हणून तिथून पोरगा निघतो. बाकीच्या जिल्ह्यांत काय आहे? शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या, पहिली मॅच हरलात की घरी, माझ्या कितीतरी मुलींना वर्षभरात दोनच खऱ्या मॅच मिळतात. तेवढ्यावर ब्राझीलसमोर उभं करणार का पोरींना?

३० ऑक्टोबर २०२२ ला मी चौदा मुलींना घेऊन लोकलने नेरूळला फायनल बघायला गेलो होतो. डी. वाय. पाटीलला स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तोही स्वयंगोल. पण आमच्या मुली पूर्ण वेळ कोलंबियाच्या लिंडा कायसेदोकडेच बघत होत्या, बॉल नसताना ती कुठे जाऊन उभी राहते ते एकमेकींना दाखवत होत्या. बरोबर नऊ महिन्यांनी त्याच पोरीने मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीला गोल मारला, ती मॅच आम्ही परत एकत्र बसून बघितली. एवढ्यासाठीच असल्या स्पर्धा आपल्याकडे पाहिजेत, हे टीव्हीवर बघून होत नाही, म्हणून "कशाला हा खर्च" म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

आणि आपल्या पोरींना जमत नाही असंही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या १७ वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं आणि एशियन कपमध्ये गेल्या, पात्रता फेरी खेळून, यजमान म्हणून नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढे लहान वयोगटाची कुठलीही स्पर्धा मागताना अर्जात स्टेडियम, हॉटेल, विमानतळ लिहितो तशी मुलांच्या मॅचची सोय पण लिहावी. यजमानपद मिळालं की त्याच वर्षी १० ते १३ वयाच्या मुलामुलींची प्रत्येक जिल्ह्यात लीग सुरू करा, बाद पद्धत नको, हरलेल्या टीमला पण पुढच्या रविवारी मॅच पाहिजे. स्पर्धेसाठी केलेली सरावाची मैदानं नंतर याच लीगला द्या, कुलूप लावू नका. खर्च स्टेडियमच्या दिव्यांपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही.

आमच्या त्या तिघींपैकी एक आता माझ्यासोबत लहान मुलींना शिकवते. तिच्या बॅचमधल्या पोरी दहा-अकराच्या आहेत, त्यांच्यासाठी लीग लवकर सुरू करा.

आपला,
एक वाचक आणि फुटबॉल प्रशिक्षक