इयत्ता पाचवी : गृहपाठाबद्दल सूचना
पालकहो, नमस्कार.
या आठवड्यात वह्या तपासताना अपूर्णांकांची बरीच गणितं मोठ्यांच्या अक्षरात दिसली. कृपया असं करू नका. मूल एकट्यानं कुठवर जातं, हे आम्हाला गृहपाठातूनच कळतं. १/२ + १/३ = २/५ असं कुणी लिहिलं, तर छेद समान करायचं राहिलंय हे लगेच दिसतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा शिकवता येतं. चूक खोडू नका, राहू द्या.

२०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ असतो. म्हणून रोज वीस मिनिटं पुरेत. अडलंच तर समासात ‘इथे अडलं’ लिहायला सांगून वही मिटवा. मराठीचं प्रकट वाचन मात्र रोज ऐका. पोळ्या लाटता लाटता ऐकलंत तरी चालेल.
– वर्गशिक्षिका