नेपाळचा प्रदेश मंत्री हा ‘राज्यमंत्री’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेपाळच्या बातम्यांत तिथल्या प्रदेश (आपल्याकडचं राज्य) सरकारातल्या मंत्र्याला मराठीत सर्रास ‘राज्यमंत्री’ लिहिलं जातं. नेपाळीतही राज्यमंत्री म्हणजे आपल्यासारखाच कनिष्ठ दर्जाचा मंत्री. प्रदेश मंत्र्याचं पद निराळं. वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत नेपाळच्या सात प्रदेशांचा दाखला निघतो, म्हणून हा मंत्री घडतो कसा आणि पडतो कसा, हे नेमकं माहीत असायला हवं.

प्रदेश सभेत, म्हणजे तिथल्या विधानसभेत, जायच्या वाटा दोन. संसदेच्या १६५ मतदारसंघांचे प्रत्येकी दोन भाग पाडून सातही प्रदेशांत मिळून ३३० जागा थेट निवडणुकीच्या, उरलेल्या २२० पक्षाच्या बंद यादीतून (मत पक्षाला, नावं पक्षच ठरवतो). यादीतून आलेल्याची सगळी भिस्त पक्षश्रेष्ठींवर. मुख्यमंत्र्यासह मंत्री सभेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाहीत (आपल्याकडे १५). म्हणजे ४० जणांच्या कर्णालीत ८, ६० जणांच्या गंडकीत १२.

पृथ्वीसुब्बा गुरुंग यांची कारकीर्द पाहा. २०१८ साली ते गंडकीचे पहिले मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांचा एमाले आणि माओवादी हे दोन कम्युनिस्ट पक्ष एकत्र होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन पक्षांचं एकीकरण रद्द ठरवलं आणि एमालेकडे २७ आमदार उरले. बहुमताला लागतात ३१. मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून संविधानाच्या कलम १६८(३) खाली त्यांचीच पुन्हा नेमणूक झाली. या कलमाने खुर्ची मिळाली की ३० दिवसांत विश्वासमत जिंकावंच लागतं. ते हरले आणि जूनमध्ये सरकार गेलं. २०२२ मध्ये लमजुंगमधून ते संसदेवर निवडून आले, २०२४ मध्ये केंद्रात संचार व माहिती तंत्रज्ञान मंत्री झाले. कुठल्या कलमाने पद मिळालं, हे बातमीत आलं नाही तर वाचकाला या चढउताराचं कारणच कळत नाही.

आता कामाचं. मूल्यवर्धित करातले ७० टक्के केंद्राला, १५ सातही प्रदेशांना मिळून आणि १५ स्थानिक पातळीला. प्रदेशाचे सचिव केंद्राच्या सेवेतले, त्यांच्या बदल्याही तिकडूनच. आर्थिक वर्ष साउन, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं. मधेच आघाडी मोडली की नवा मंत्री खातं समजून घेईपर्यंत निम्मं वर्ष सरतं आणि निधी उरतो तो असार या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, ऐन पावसाच्या तोंडावर, घाईने खर्ची पडतो. तिकडे याला ‘असारे विकास’ म्हणतात. आपल्याकडे मार्च एंडिंगला पांदण रस्त्यावर मुरूम पडतो, तोही मिरगात वाहून जातो; पण मधले दोन महिने दबाई तरी करता येते. तिथे तेवढीही सवड नाही, गिट्टी पसरली की त्याच आठवड्यात नाल्यात. यात दोष एकट्या मंत्र्याचा धरणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

आमची विनंती एवढीच, की अशा नेत्याबद्दल छापताना तो थेट निवडून आला की यादीतून, नेमणूक कुठल्या कलमाखाली झाली आणि एक तरी पूर्ण आर्थिक वर्ष त्याच्या हाती खातं होतं का, या तीन गोष्टी जरूर द्याव्यात.

– राज्यशास्त्राचे काही शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा