चाळिशीनंतर पळणाऱ्यांनाही कोच हवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पळताना कोणी कोसळल्याची बातमी पेपरात आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती लगेच माझ्यासाठी टाकली जाते. काळजीपोटीच टाकतात, माहितीये मला. पण खाली "या वयात कशाला" असं लिहिलेलं असतं आणि ते मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

मी ४९ वर्षांची, साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. ४६ वर्षांची होईपर्यंत कधी पळले नव्हते. आमच्याकडे दरवर्षी हिल हाफ मॅरेथॉन असते, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत खाली, २१ किलोमीटर, आणि आम्ही कडेला उभं राहून टाळ्या वाजवायचो. एका वर्षी माझ्याहून मोठ्या बायका घाट चढताना बघितल्या आणि लगेच पुढच्या सोमवारी मुलाचे जुने बूट घालून एकटीच निघाले. रोज पळायचं, दम लागेपर्यंत पळायचं, एवढंच डोक्यात. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या अशा ठणकायला लागल्या की वर्गात उभं राहवेना.

मग एका मैत्रिणीने कोचकडे नेलं. पहिल्या दिवशी सरांनी मला पळूच दिलं नाही, आधी बीपी, शुगर, ईसीजी करून या म्हणाले. बीपी वाढलेलं निघालं, मला पत्ताच नव्हता! गोळी सुरू झाली, बीपी आटोक्यात आलं, डॉक्टर हो म्हणाले आणि मग सुरुवात, ती पण एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस. सर शेजारून पळता पळता विचारायचे, "मॅडम, आज वर्गात काय शिकवणार?" मला वाटायचं गप्पा मारतायत, नंतर कळलं की मला एक अख्खं वाक्य बोलता येतंय का ते बघत होते. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला, लगेच चालायला लावायचे.

नडगीचं पण त्यांनीच समजावलं. दम, म्हणजे स्टॅमिना, लवकर वाढतो पण हाडांना आणि पोटऱ्यांना तयार व्हायला महिने लागतात, आपण दमावर जातो आणि पाय मागे राहतात. त्यात पाळी जायच्या वयात बायकांची हाडं कमजोर व्हायला लागतात, म्हणून टाचा उचलायचे, स्क्वॉटचे व्यायाम आठवड्यातून दोनदा केलेच पाहिजेत. हे मला एकटीला कुठून कळणार होतं? नऊ महिन्यांनी मी न थांबता ५ किलोमीटर पळले आणि गेल्या वर्षी तो घाट पण केला, चढाला बरंचसं चालत, कारण चढावर चालायला लाजायचं नाही हे सरांनी बजावलेलं.

काहीजण म्हणतात, बारामतीच्या लता करे शर्यतीत नऊवारीत अनवाणी पळाल्या, त्यांना कुठे कोच होता? अहो पण त्या नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून पळाल्या. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कारच आहे, पण ती वेळ त्यांच्यावर यायला नको होती, आणि बाकीच्यांनी पण तसंच पळावं असा त्याचा अर्थ काढू नका.

आता खरा मुद्दा. कोचची फी असते, मला पगार आहे म्हणून जमतं. आमच्या शाळेतल्या मावशींनी मला विचारलं, "बाई, मला येता येईल का?" त्यांचं वय ४४, शुगर आहे, डॉक्टरांनी चाला-पळा सांगितलंय पण कसं ते सांगितलं नाही. फी ऐकून गप्प झाल्या. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत) फायनलमध्ये पळाली, असा आपला जिल्हा! लहान मुलांना मैदानावर कोच मिळतात ते चांगलंच आहे, पण पहाटे साडेपाच ते साडेसहा एक तास मोठ्यांसाठी एक शिकलेला कोच सरकारी मैदानावर ठेवायला काय हरकत आहे? गेट वेळेवर उघडा, लाइट लावा, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट उघडं ठेवा, कारण अंधारात रस्त्याच्या कडेने पळणं आम्हाला परवडत नाही. नगरपालिका आणि क्रीडा खात्याने यावर उत्तर द्यावं, एवढीच विनंती.

सध्या रविवारी मीच मावशींना घेऊन जाते, एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं, माझ्या फोनवर टायमर लावून. परवा त्यांना मध्येच घाम फुटला, हात थरथरायला लागले, पर्समधली साखरेची पुडी दिली आणि बसवून ठेवलं. शुगर असलेल्या माणसाने पळायच्या आधी काय खायचं, गोळी कधी घ्यायची, किती पळायचं, हे त्या मला विचारतात आणि मला ते माहीत नाही.

एक शिक्षिका, सातारा